घराच्या किमतीतून हवामानाची जोखीम कशी वजा करावी

वस्तीतील घरांचे भाव बहुधा नुकत्याच झालेल्या व्यवहारांवरून ठरतात, कर्ज मात्र पुढील वीस वर्षांसाठी काढलेले असते. त्या वीस वर्षांत पाणी आणि ऊन यांपायी किती खर्च येईल, याचा हिशेब विक्रेता मांडून देत नाही. तो खरेदीदारालाच करावा लागतो.

पूरनकाशा उपलब्ध असेल, तर आधी तो पाहावा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची शक्यता प्रत्येक वर्षी १ टक्का असते. त्यामुळे २० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के भरते. घर पंचवीस वर्षांच्या पूररेषेच्या आत असेल, म्हणजे पुराची शक्यता दरवर्षी ४ टक्के असेल, तर २० वर्षांतील हीच शक्यता सुमारे ५६ टक्क्यांवर जाते. शिवाय असे नकाशे बहुधा जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेले असतात, आणि तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणजे खरी जोखीम नकाशात दिसते त्याहून जास्त असू शकते.

त्यानंतर वस्तीत, शक्यतो जोरदार पावसात, स्वतः फिरावे. कुंपणाच्या भिंतीवर एकाच उंचीवर दूरवर गेलेली मातकट रेघ, खालच्या फुटाभर भागालाच लागलेला लोणा, नंतर वर सरकवलेले विजेचे मीटर आणि उंबऱ्यासमोर बांधलेला नवा कठडा या गोष्टी दलालापेक्षा अधिक खरे बोलतात. डांबराचे थर चढून रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला आहे का, हेही पाहावे. पाचव्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरे. पण पंप, लिफ्टची यंत्रणा आणि वाहने तळाशीच असतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च सर्वांच्या वाट्याला येतो. उष्म्याबाबत वरच्या मजल्याचे छत, पश्चिमेची भिंत आणि रस्त्यावरील झाडांची सावली एवढे तपासले तरी पुष्कळ कळते.

विम्याची चौकशी व्यवहारापूर्वीच करावी. पुराचे संरक्षण मूळ पॉलिसीत आहे की वेगळे घ्यावे लागते, हे वाचून घ्यावे. घरविम्याचे बहुधा दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा आजचा हप्ता कर्ज फिटेपर्यंत तोच राहील असे गृहीत धरू नये.

मग आकडा मांडावा. एका पुरात घराच्या किमतीच्या १० टक्के नुकसान होईल असे धरले आणि त्याची वार्षिक शक्यता ४ टक्के असेल, तर सरासरी वार्षिक बोजा किमतीच्या ०.४ टक्के, म्हणजे व्याज न धरता २० वर्षांत ८ टक्के होतो. विमा घेतल्यास यातील जेवढे नुकसान तो भरून देईल तेवढे वगळून हप्ता धरावा, नाहीतर एकच खर्च दोनदा मोजला जातो. विक्रेता याहून कमी सूट देत असेल, तर ते घर दिसते त्यापेक्षा महाग आहे. पोहोचरस्ताच बुडत असेल, तर मात्र हा हिशेब अपुरा पडतो. घराचे जोते उंच करता येते, वस्तीचा रस्ता एकट्या मालकाच्या हाती नसतो, आणि अशा ठिकाणी सूट मागण्यापेक्षा दुसरे घर पाहणे बरे.