पूर ओसरल्यावर सरकारी कामामागे गाव कसं उभं करावं

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला आणि माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंतची काठावरची गावं पाण्यात गेली. पहिले आठ दिवस सगळेच धावून येतात. भाकरी, चादरी, पाण्याच्या बाटल्या, काही कमी पडत नाही. खरी अडचण मदतीचे टेम्पो परत गेल्यावर सुरू होते. पंचनाम्याच्या याद्या निघतात आणि पारावर एकच विषय उरतो: "त्याचं नाव यादीत, माझं का नाही?" अशा गावाला शाळेच्या, पुलाच्या कामासाठी एकत्र कसं आणायचं?

सुरुवात भाषणाने करू नका, यादीने करा. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी, गावाला ते भाऊसाहेबच) नुकसानीची यादी घ्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि चावडीवर मोठ्याने वाचा. नुसती लावून भागत नाही. वाचताना घोळ तिथल्या तिथे बाहेर पडतात: सातबाऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचं नाव, समाईक खात्यात भावाची संमती नाही, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. गावातली दोन शिकलेली पोरं धरा आणि त्यांना अशा लोकांबरोबर सेवा केंद्रात, तहसीलला पाठवा. ज्याचं अडलेलं काम मार्गी लागतं, तो पुढच्या सभेला न बोलावता येतो. माझ्या मते सगळी मोहीम इथेच जिंकते किंवा हरते.

मग ग्रामसभा. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो लागतो. तिच्याआधी महिलांची सभा घ्यायचीच असते, ती कागदावर उरकू नका. पुरुष पुलाचं बोलतात. पाण्याची टाकी, संडास, अंगणवाडी हे बायकांच्या तोंडून येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक', म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं होतं, ते उगाच नाही. उलट, तेव्हा नव्याने वसवलेल्या काही गावांत आखीवरेखीव घरं मिळाली, पण शेत लांब पडलं आणि जनावरं कुठे बांधायची हा प्रश्न उरला. म्हणून स्थलांतराचा विषय असेल तर नकाशा आधी गावात आणा.

ठरावात 'गावाचा विकास व्हावा' असलं काही लिहू नका. 'शाळेच्या दोन खोल्यांची भिंत खचली, वस्तीच्या रस्त्याच्या नळ्या बुजल्या' असं लिहा, तारखेसह फोटो जोडा, आणि आधी काय, मागून काय हा क्रम सभेतच ठरवा.

भाषेचंही बघा. अक्कलकोट भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात, सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू. दवंडी नुसती मराठीत दिली की अर्धी गल्ली घरातच बसते.

श्रमदान जरूर करा, पण पंचनामा आणि फोटो झाल्यावरच गाळाला हात लावा. विहिरीतला गाळ, ओढ्यातल्या वेड्या बाभळी, शिवाररस्ता एवढं गावाने उचलावं; पुलाचा पाया इंजिनिअरवर सोडावा. दिवस हस्त नक्षत्राच्या पेरणीच्या हिशोबाने धरा, ज्वारी पेरायच्या वेळी फावडं घेऊन कोणी येणार नाही. लोकांना पटवताना सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाची आठवण काढा. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तो लोकांच्या हातांनी खोदून घेतला, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं.

काम सुरू झालं की रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक लावायला सांगा. माहिती मिळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. काम रखडलं तर ते झाकू नका. महिन्याच्या बैठकीत तुम्हीच आधी सांगा, कुठे अडलंय आणि कोणाकडे अडलंय, आणि तिथूनच चार जणांना घेऊन पंचायत समितीत जा.