फाउंटन पेनासाठी काळी शाई: निवड आणि वापर

काळी शाई घेताना ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची आहे की सूक्ष्म रंगकणांची, हे आधी पाहावे. पार्कर क्विंक किंवा आपली कॅमलची शाई पहिल्या प्रकारची आहे. ती पेनातून पाण्याने सहज धुतली जाते, परंतु त्याच पाण्याने कागदावरचे अक्षरही फिसकटते. प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलर किवागुरो यांतील रंगकण वाळल्यावर कागदाच्या तंतूंना धरून बसतात, म्हणून धनादेश, पत्ते आणि कायम जपायच्या नोंदी यांसाठी मी हीच शाई सुचवेन. मात्र ती पेनात सुकू देऊ नये. रोज हाती न येणाऱ्या पेनात ती भरूच नये. चित्रकलेची ‘इंडियन इंक’ तर कोणत्याही फाउंटन पेनात घालू नये, कारण तिच्यातील लाख निबेकडे जाणारी वाट कायमची बुजवते.

शाई बदलण्यापूर्वी पेन कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे आणि पूर्ण वाळवावे. दोन शाया एकत्र करू नयेत. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरण्याच्या पेनात ती तळाशी जाण्याआधीच पुन्हा भरावी, कारण रिकाम्या जागेतील हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि कागदावर डाग पडतो. स्वस्त वहीच्या कागदावर शाई पसरत असेल, तर शाईला दोष देण्याआधी बारीक निब वापरून पाहावी.