फिनलंडचा पिसाचा निकाल कसा वाचायचा (फॉरवर्ड करायच्या आधी)

पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज वर्षातून दोनदा तरी येतोच, फिनलंडमध्ये होमवर्क नाही, परीक्षा नाही, तरी पोरं जगात पहिली. मीही केलाय फॉरवर्ड, खोटं कशाला बोलू. मग एकदा पिसाचे, म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी पोरांच्या त्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे, आकडे उघडून बसले तर कळलं की हा मेसेज २००६ लाच अडकून पडलाय. (होमवर्क असतं बरं का तिकडे, आणि बारावीसारखी मोठी परीक्षा पण असते.) तर निकाल कसा बघायचा ते सांगते, उदाहरण फिनलंडचंच घेऊया.

आधी परीक्षा समजून घ्या. ओईसीडी ही बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना ती २००० पासून घेते, २०२५ पर्यंत दर तीन वर्षांनी, फक्त २०२१ ची कोविडमुळे २०२२ ला ढकलली. १५ वर्षांची पोरं, म्हणजे आपली नववी-दहावीची, आणि वाचन, गणित, विज्ञान. सगळ्यांना बसवत नाहीत, नमुना म्हणून काही शाळा आणि त्यातली काही पोरं निवडतात, त्यामुळे कुठल्या पोराला स्वतःचे मार्क कळत नाहीत, निकाल लागतो तो देशाचा. सिलॅबस पाठ करून जमेल अशी ही परीक्षा नाही. २०१२ चा एक प्रश्न बघा: फुजी डोंगरावर ९ किमी चढायचं, ९ किमी उतरायचं, चढताना वेग ताशी दीड किमी, उतरताना दुप्पट, रात्री ८ ला परत यायचंय तर उशिरात उशिरा किती वाजता निघायचं? सहा तास अधिक तीन तास, म्हणजे सकाळी ११. गणित पाचवीचं, पण ते मांडायचं आपलं आपण, आणि गंमत म्हणजे बरीच पोरं तिथेच अडकतात.

आता स्कोअर. हा कशापैकी नसतो हे डोक्यात पक्कं करा. सुरुवातीला ओईसीडी देशांची सरासरी ५०० धरून पट्टी बनवली, त्यामुळे ४८४ म्हणजे ४८ टक्के असं काही नसतं. आणि नंबर कितवा आला हे तर सगळ्यात शेवटी बघा, कारण नमुना घेतलाय म्हटल्यावर दोन-चार पॉइंट इकडेतिकडे होणारच, शेजारशेजारच्या देशांत बऱ्याचदा खरा फरकच नसतो. म्हणून रिपोर्टमध्ये क्रमांकसुद्धा अमुक ते अमुक असा दिलेला असतो, पण पेपरवाले त्यातला एकच उचलतात.

मग जुनी वर्षं शेजारी लावा, खरी मजा इथे आहे. फिनलंडचं गणित: २००६ ला ५४८, २०१२ ला ५१९, २०१८ ला ५०७, २०२२ ला ४८४. वाचन ५४७ वरून ४९०. लगेच कोणीतरी म्हणेल कोविड. हो, २०१८ ते २०२२ मध्ये ओईसीडीची गणिताची सरासरीच १५ च्या आसपास पडली, पण फिनलंडची घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे. आणि १५ वर्षांच्या पोराचा स्कोअर म्हणजे मागच्या आठ-नऊ वर्षांच्या शाळेचा हिशोब. तिथे सातव्या वर्षी पहिली सुरू होते, म्हणजे २००६ ची पोरं १९९७-९८ च्या आसपास शाळेत गेलेली. मग फिनलंडने २०१६ ला आणलेला नवा अभ्यासक्रम घ्या, त्याला श्रेय कोणी देवो की दोष, तारखा आधी जुळवून बघा.

सरासरीपेक्षा मला लेव्हल दोनच्या खालच्या पोरांचा टक्का जास्त बोलका वाटतो. लेव्हल दोन म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं गणित जमणं. फिनलंडमध्ये २००३ ला १०० मधली जेमतेम ७ पोरं त्याच्या खाली होती, २०२२ ला २५. वर्गातला चौथा हिस्सा! तरी ओईसीडीची सरासरी ३१ आहे, म्हणजे ‘फिनलंड बुडालं’ असा उलटा मेसेज पण नका पाठवू प्लीज. सिंगापूरमध्ये हाच आकडा ८ च्या आसपास. मुलगे-मुली वेगळे करून पण बघा, २०१८ ला वाचनात फिनलंडच्या मुली मुलांच्या ५० पॉइंटच्या आसपास पुढे होत्या, देशाच्या सरासरीत हे कुठे दिसतच नाही.

अजून एक, परीक्षेला बसलं कोण ते तपासा. २०१८ ला ‘चीन पहिला’ म्हणून बातम्या आल्या, तो चीन म्हणजे बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि झेजियांग, बस. आणि १५ व्या वर्षापर्यंत शाळा सोडलेली पोरं तर यात येतच नाहीत, त्यामुळे जिथे गळती जास्त तिथला आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

भारताचं विचाराल तर आपल्याकडून हिमाचल आणि तमिळनाडू ही दोनच राज्यं २००९ च्या फेरीत होती, ७४ जणांच्या यादीत अगदी तळाला. २०१९ ला परत भाग घ्यायचा करार झाला, पण २०२२ ला बसलो नाही. तेव्हा २०२२ च्या टेबलमध्ये भारताचा नंबर कोणी पाठवला तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या ओळीत आहे दाखव.