विंडोज सोडून लिनक्सवर जाताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून आमच्या सांगलीच्या दुकानात रोज एक तरी माणूस पिशवीतून लॅपटॉप काढता काढता विचारतो, "लिनक्स टाकू का?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत सिस्टीम. प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट म्हणजे सुरू होतानाच सिस्टीम अस्सल आहे का ते तपासायची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. २०१६ च्या सुमारास घेतलेली कितीतरी धडधाकट मशीन या अटींत बसत नाहीत. चालतं मशीन भंगारात घालणं मलाही पटत नाही. लिनक्सला माझा विरोध नाही, मी स्वतः हौसेने टाकून देतो. पण त्याच त्या चार चुका करून बिघडवलेली मशीनही माझ्याच टेबलावर येतात, आणि त्यातल्या दोन चुका अशा आहेत की पुढे हातात फारसं काही उरत नाही.

"सी फॉरमॅट केलं, डी तर आहेच की"

आपल्याकडे पंचवीस वर्षं सगळ्यांना एकच सांगितलं गेलं: डेटा डी मध्ये ठेवा, गरज पडली तर सी फॉरमॅट करू. विंडोजपुरतं ते बरोबर होतं. लिनक्सचा इन्स्टॉलर मात्र सी आणि डी या नावांनी बोलतच नाही. त्याला दिसते ती आख्खी डिस्क, आणि सी, डी, ई हे तिचे नुसते कप्पे. "इरेज डिस्क" या पर्यायावर टिचकी मारलीत की सगळे कप्पे एकदम मोडतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात. सकाळी दहाला एका अडत दुकानातून फोन आला. दुकानाच्या अण्णांचा भाचा बोलत होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा.

"सर, डी ड्राइव्ह दिसेना झालाय."

"रात्री काय केलंस?"

"उबुंटू लिनक्स टाकलं. मामांचा कॉम्प्युटर लई स्लो झाला होता."

"कुठला पर्याय निवडलास?"

"इरेज डिस्क. डिस्क म्हणजे सी च ना?"

मी त्याला आहे तसं मशीन बंद करून भिंतीतली पिन काढायला सांगितलं आणि गाडी काढली. तोवर त्याने रात्रभर अपडेट उतरवून घेतले होते आणि वर आपल्या पेनड्राइव्हमधली गाणीही टाकली होती. मोडलेल्या कप्प्यातला डेटा लगेच पुसला जात नाही, नुसता त्याचा पत्ता हरवतो. पण त्यानंतर डिस्कवर जे जे नवीन लिहाल ते जुन्याच्या उरावर बसतं. म्हणून अशा वेळी पहिलं काम एकच, मशीन बंद करणं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, असेल तर आशा आणखी कमी, कारण ट्रिम ही सोय चालू असली की रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. अण्णांची जुनी हार्डडिस्क होती, एवढंच नशीब.

डिस्क काढून दुकानात आणली. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, त्यातच दुपार गेली. मग नकलेवर टेस्टडिस्क हा हरवलेले कप्पे शोधणारा प्रोग्राम चालवला. जुन्या डी चा माग लागला, फोल्डरही दिसले, पण निम्म्या फायली उघडेनात. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या डेटाचा फोल्डर मिळाला, तरी त्यातली कंपनी, म्हणजे दुकानाचं हिशेबाचं खातं, काही उघडलं नाही. आतल्या काही फायलींवर नवं काहीतरी लिहिलं गेलं होतं. शेवटी त्यांच्या सीएंकडे दिवाळीच्या सुमाराची एक नक्कल निघाली. दिवाळी ते मार्च एवढ्या सगळ्या नोंदी हाताने पुन्हा घालाव्या लागल्या.

त्यातला एक दिवस मी तिथे होतो. अण्णा भाच्याशेजारी स्टूल टाकून बसलेले, मांडीवर बिलबुकांची चळत. "राजापुरी, बावीस पोती... पुढं लिही... गट्टू, सहा पोती." प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला हळदीच्या बोटांचा पिवळा ठसा, आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डचा एंटरही पिवळा झालेला. अण्णा त्या पोराला एका शब्दानेही बोलले नाहीत. पोरगं नऊ दिवस कॉलेजला न जाता तिथेच बसलं. त्याची नियत चांगली होती, मामाचं मशीन जलद व्हावं एवढंच त्याला वाटत होतं. घाई नडली, दुसरं काही नाही. एक व्हिडिओ बघितला आणि रात्रीत काम उरकायला घेतलं. ऐन हंगामात, मार्चमध्ये, चालत्या धंद्याच्या मशीनवर असले प्रयोग कुणी करू नयेत.

तेव्हापासून माझी एक सवय पक्की झाली आहे. लिनक्स टाकायचं असलं की जुनी डिस्क मी पुसतच नाही. ती काढतो, जाड पाकिटात घालतो, वर तारीख आणि मशीनचं नाव लिहितो आणि मालकाच्या हातात देतो. मशीनमध्ये नवी एसएसडी घालून तिच्यावर लिनक्स. खर्च होतो, मान्य आहे. पण काही अडलं तर दहा मिनिटांत जुनी डिस्क जोडून विंडोज जसं होतं तसं परत मिळतं. शिवाय "स्लो झालंय" या तक्रारीचं खरं कारण बहुतेक वेळा ती जुनी फिरती हार्डडिस्कच असते. चार जीबीची रॅम आठ केली आणि एसएसडी घातली तर काही जणांना लिनक्सची गरजही उरत नाही. विंडोज ११ च्या अटींत बसणारं मशीन असेल तर मी आधी तेच सुचवतो, त्यात माझं एक काम गेलं तरी चालेल.

आणि बॅकअप. एक नक्कल घराबाहेर ठेवा, भावाकडे किंवा सासरी, कुठेही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात भिजली. चिखलाने भरलेल्या त्या डिस्क घेऊन आलेल्या लोकांचे चेहरे मला अजून आठवतात.

मराठी फाईल उघडली आणि सगळं इंग्रजी दिसलं

ही चूक इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

विश्रामबागच्या एक निवृत्त शिक्षिका. बाईंच्या लॅपटॉपवर त्यांच्या पुतण्याने मिंट नावाचं लिनक्स टाकून दिलं, आणि खरं सांगायचं तर काम अगदी व्यवस्थित केलं होतं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चालू, बॅकअपही घेतलेला. आठवड्याने बाई रिक्षातून दुकानात आल्या. "माझ्या फायलींना काय झालं हो? बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत." फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि मध्येच चौकोन. व्हायरस आला असं त्यांना वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं.

फायलींना काहीही झालेलं नव्हतं. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, यांत टाइप केलेल्या मजकुरात मराठी अक्षरं नसतातच. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, फॉन्ट फक्त त्या क्रमांकांना मराठी आकाराचा सदरा घालतो. फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहते.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी जुन्या विंडोजमधून त्या फॉन्टच्या फायली घेऊन लिनक्समध्ये बसवायच्या, म्हणजे जुन्या फायली निदान वाचता येतात. बाईंना त्याच संध्याकाळी त्यांच्या प्रश्नपत्रिका दिसल्या. दुसरा टप्पा सावकाशीचा: लागेल ती फाईल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायची आणि ओळ न ओळ तपासायची. कन्व्हर्टरमध्ये टाकलं की झालं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात.

टाइप करायची सवयही बदलावी लागते. जुन्या फॉन्टवर ज्यांचा हात बसलाय त्यांना मी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका म्हणतो. पंधरा दिवस हात अडखळतो, मग विंडोज असो की लिनक्स, एकाच सवयीने काम होतं. बाईंची सगळ्यात मोठी अडचण "दुसऱ्या" या शब्दाची निघाली, तो सारखा "दुसर्या" असा उमटायचा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबायचा, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. मग हलन्तासाठी डी आणि त्यानंतर य. "सूर्या" लिहिताना साधा र, "दुसऱ्या" लिहिताना हा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली तीनदा रेघ मारली.

डीटीपीवाल्यांनी मात्र थांबावं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं ज्यांचं काम जुन्या फॉन्टवर आणि कोरलड्रॉवर चालतं, त्यांनी त्या मशीनवर लिनक्स टाकण्याचा विचार सध्या सोडून द्यावा.

आधी कामाची यादी, मग सिस्टीम

उबुंटू की मिंट यावर पोरं तासन् तास वाद घालतात. मला विचाराल तर विंडोजची सवय असलेल्याला मिंट, आणि विषय संपला. उबुंटूची २४.०४ आवृत्ती आणि तिच्यावर बेतलेलं मिंट २२, दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वाद घालायचाच तर आपण दिवसभर काय काम करतो यावर घाला. एक कोरा कागद संगणकाशेजारी ठेवा आणि आठ दिवस जो प्रोग्राम उघडाल त्याचं नाव लिहा. ब्राउझर, व्हॉट्सॲप, पत्रं, व्हिडिओ एवढंच निघालं तर खुशाल जा. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, मॅक्रो भरलेल्या एक्सेल शीट निघाल्या तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या. "वाइनमध्ये टॅली चालतं" असं कुणी सांगेल. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय. चालतही असेल, पण दुसऱ्याच्या धंद्याचे हिशेब मी तसल्या जुगाडावर ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

प्रिंटरची परीक्षा लाइव्ह पेनड्राइव्हवर घ्या. लिनक्स डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरून चालू करता येतं आणि जुन्या सिस्टीमला धक्का लागत नाही. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा बघा, झाकण मिटून लॅपटॉप झोपतो आणि परत उठतो का ते पाहा. छापलेला कागद हातात आल्याशिवाय मी पुढच्या बटणाला हात लावत नाही. एचपीचे बरेच प्रिंटर सहज चालतात. काही स्वस्त लेझर प्रिंटर आठवडा खातात आणि तरी चालत नाहीत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

आयएसओ फाईल, म्हणजे उतरवून घेतलेली लिनक्सची फाईल, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रूफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहावी लागते. आणि तसं करताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, म्हणून मुलीच्या बारशाचे फोटो असलेला वापरू नका.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, बऱ्याचदा आपोआप चालू असतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, हात घालण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण उबुंटू आणि मिंट ते चालू असतानाही बसतात.

दोन्ही सिस्टीम एकत्र ठेवल्या असतील आणि लिनक्समधून विंडोजच्या कप्प्यात काही लिहिता येत नसेल, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणून लिनक्स तो कप्पा फक्त वाचायला देतं.

विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे? मशीनचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा. आतली घड्याळाची बॅटरी बदलायची गरज नाही, आणि तेवढ्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय इन्स्टॉल सुरू करू नका.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कुठूनतरी उचललेली आज्ञा अर्थ न कळता चिकटवू नका. तिच्यात सुडो असेल, म्हणजे ती पूर्ण अधिकाराने चालणार असेल, तर दोनदा वाचा.

अटींत न बसणाऱ्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे आहेत. त्या मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. क्रॅक केलेलं विंडोज आणि हे, दोन्ही मी करून देत नाही.

लिनक्स टाकल्यावर पहिला महिना काहीच बदलू नका. थीम नको, दर रविवारी नवी आवृत्ती नको. आणि पाकिटातली जुनी डिस्क एक पूर्ण मार्च जाईपर्यंत कपाटात राहू द्या. वर्षातून एकदाच लागणारी फाईल असते, कुणाची शाळेच्या निकालाची, कुणाची आयकराची, आणि ती त्याच महिन्यात आठवते. अण्णांच्या दुकानात आता घरच्या कामाच्या लॅपटॉपवर मिंट आहे, त्याच भाच्याने टाकलेलं. हिशेबाचं मशीन विंडोजवर आहे, आणि गल्ल्याच्या खालच्या खणात तारीख घातलेलं पाकीट.