जिम रीव्ह्जचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संग्रह कसा निवडावा

अमेरिकेच्या ग्रामीण ढंगाच्या ‘कंट्री’ संगीतातला गायक जिम रीव्ह्ज याचं नाव अ‍ॅपवर टाकलं की ‘बेस्ट ऑफ’, ‘गोल्ड’, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अशा संग्रहांची रांगच लागते. गाण्यांची नावं बहुतेक तीच, फोटोही तसाच. फरक असतो तो आतल्या ध्वनिमुद्रणात. एकाच नावाखाली कधी १९५० च्या दशकातलं मूळ गाणं असतं, कधी त्यानेच पुन्हा गायलेलं, तर कधी त्याच्या मृत्यूनंतर नवी वाद्यं चढवलेलं. म्हणून संग्रह निवडताना गाण्यांच्या नावांवर जाऊ नका, प्रत्येक गाणं कधी ध्वनिमुद्रित झालं ते बघा.

१. आधी चार कालखंड डोक्यात बसवा

पहिला कालखंड अ‍ॅबट या छोट्या कंपनीचा. ‘मेक्सिकन जो’ १९५३ मध्ये अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिलं आलं, पाठोपाठ ‘बिम्बो’ गाजलं. यातला रीव्ह्ज चढ्या पट्टीत, उड्या मारत गातो. नंतरचा मखमली आवाज ऐकून आलेल्या माणसाला हा कुणी दुसराच गायक वाटतो. दुसरा कालखंड १९५५ पासूनचा: कंपनी आरसीए, पण बाज अजून जुनाच, फिडल (कंट्री ढंगाचं व्हायोलिन) आणि स्टील गिटारचा.

तिसरा काळ म्हणजे ज्यासाठी आपण संग्रह घेतो तो. १९५७ च्या ‘फोर वॉल्स’मध्ये त्याने पट्टी खाली आणली, ओठ मायक्रोफोनजवळ नेले आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसं गायला. निर्माता चेट अ‍ॅटकिन्स. पुढे फिडल मागे पडलं, पियानो, तंतुवाद्यं आणि कोरस पुढे आले. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरावरून यालाच ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात. ‘ही’ल हॅव टू गो’ १९५९ च्या अखेरीस बाजारात आलं आणि १९६० मध्ये १४ आठवडे कंट्री यादीत अव्वल राहिलं. रीव्ह्ज आधी रेडिओवर निवेदक होता. त्यामुळे त्याचा शब्दन् शब्द कळतो. इंग्रजी कानावर कमी पडलेल्या आपल्याकडच्या श्रोत्यांनाही तो जवळचा वाटला, त्यात या स्पष्ट उच्चारांचा वाटा मोठा आहे.

चौथा काळ त्याच्या मृत्यूनंतरचा. ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ विमान कोसळून तो गेला. मागे उरलेल्या टेप्समधून गाणी निघत राहिली आणि पहिल्या क्रमांकावर जात राहिली.

२. आपली यादी लिहा आणि संग्रह कुठल्या देशाचा ते बघा

दहा-बारा गाणी कागदावर उतरवा आणि पुढे साल टाका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्याची गाजलेली गाणी सारखी नाहीत. ‘आय लव्ह यू बिकॉज’ आणि ‘देअर इज अ हार्टेक फॉलोइंग मी’ ही ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये गाजली. अमेरिकन संग्रहांत ती असतीलच असं नाही. उलट ‘बिली बायू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं. आपल्याकडे मुंबई-गोव्यात ज्यांनी तो घरात ऐकला, त्यांची आवड साधारण ब्रिटिश यादीशी जुळते, असं माझं मत आहे. तेव्हा ब्रिटिश संग्रह आधी बघा. ‘हार्टेक’ तर मेहेरबाबांच्या आवडीचं गाणं. त्याच कारणाने ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने १९७२ च्या आपल्या अल्बमवर ते गायलं. अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी हे एक गाणं तपासल्याशिवाय संग्रह घेऊ नये.

३. स्वस्त संचाची मेख ओळखा

‘चार अल्बम, दोन सीडी’ अशा युरोपीय संचांत बहुधा १९६२ पर्यंतचीच गाणी असतात. कारण कायद्यात आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण २०१३ मध्ये ५० वरून ७० वर्षांवर गेलं, पण १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या गाण्यांची मुदत तोवर संपली होती. ती कुणीही छापू शकतो. असे संच वाईट नसतात. ‘फोर वॉल्स’, ‘ही’ल हॅव टू गो’, ‘अ‍ॅडिओस अमिगो’ त्यात मिळतात. पण ‘आय गेस आय’म क्रेझी’ (१९६४), ‘धिस इज इट’ (१९६५) किंवा ‘डिस्टंट ड्रम्स’ (१९६६) त्यात शोधत बसू नका. शिवाय यातले काही संच मूळ टेपवरून नव्हे, तर जुन्या तबकडीवरून उतरवलेले असतात. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत बारीक चरचर ऐकू आली, किंवा ती नको म्हणून इतकी घासलेली असली की ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले, तर तो संच सोडा.

४. ध्वनिमुद्रण मूळ आहे का, ते कानाने तपासा

‘ही’ल हॅव टू गो’ सुमारे सव्वादोन मिनिटांचं आहे. अ‍ॅपवर तीन मिनिटं दिसली तर ते काहीतरी वेगळं आहे. मूळ गाण्यात वाद्यं अगदी थोडी: संथ ताल, मागे व्हायब्राफोनची (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) गोल थेंबासारखी टिंबं, पियानोचे मोजके सूर. आवाज इतका पुढे की श्वास घेतलेला कळतो. त्याच जागी व्हायोलिनची लाट उठली किंवा ड्रम ठसठशीत वाजला, तर वाद्यं मागाहून चढवलेली आहेत.

‘अ‍ॅम आय लूझिंग यू’ खास तपासा. हे गाणं त्याने आधी १९५० च्या दशकात गायलं, मग १९६० मध्ये नव्या शैलीत पुन्हा, आणि दोन्ही वेळा ते गाजलं. दोन्ही अस्सल आहेत. तुम्हाला जो आवाज हवा त्याचं साल बघून घ्या.

मरणोत्तर मिश्रण झालंय म्हणून गाणं सरसकट नाकारू नका. ‘डिस्टंट ड्रम्स’ त्याने गीतकार सिंडी वॉकरसाठी नमुना म्हणून गायलं होतं, वाद्यवृंद नंतर जोडला. लोकांनी तेच ऐकलं आणि ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. म्हणजे इथे जोडलेलं रूप हेच मूळ. कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनबरोबरच्या युगुलगीताची गोष्ट वेगळी. पॅट्सी १९६३ मध्ये वारली, आणि १९८१ मध्ये दोघांच्या स्वतंत्र टेप्स जुळवून ते गाणं तयार झालं. डेबोरा अ‍ॅलनबरोबरची गाणीही अशीच १९७९ च्या सुमारास जोडलेली. कुतूहल म्हणून ऐका. पहिल्या संग्रहात त्यांना जागा देऊ नका.

५. खोटा स्टीरिओ टाळा

१९५३ ची गाणी मोनोच आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज; स्टीरिओत दोन्हींकडे वेगवेगळा. ती स्टीरिओ म्हणून विकली जात असतील तर ती करामत आहे: जाड स्वर एका कानात, बारीक दुसऱ्यात, वर थोडा घुमारा. आरसीएच्या जुन्या अमेरिकन तबकड्यांवर एलपीएम म्हणजे मोनो, एलएसपी म्हणजे स्टीरिओ, आणि क्रमांकापुढे कंसात ‘ई’ असेल तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेला स्टीरिओ. हेडफोन लावून ऐका: खऱ्या स्टीरिओत गायक एका जागी ठाम उभा असतो, खोट्यात तो भिंतभर पसरतो. असा संग्रह घरात आधीच असेल तर फोनच्या सेटिंगमधला ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. आवाज बराच सावरतो.

६. जुनी तबकडी घेत असाल तर

मुंबईत चोर बाजारात अजूनही मिळतात. दिव्याखाली तिरकी धरून बघा. केसासारखे वरवरचे ओरखडे चालतात, पण नखाला लागणारी रेघ म्हणजे सुई उडणार. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकलेली नाही ना, तेही पाहा. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं वाजवून घ्या: आतल्या खाचांत झीज आधी कळते, ‘स’ फाटतो. इतक्या हळू आवाजाचा गायक ती झीज अजिबात झाकत नाही. दमट हवेने पांढरी बुरशी धरली असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मधलं लेबल कोरडं ठेवा, आणि पूर्ण वाळल्यावरच कव्हरमध्ये घाला. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

७. मनासारखा संग्रह मिळाला नाही तर

ज्याला सगळंच हवं त्याच्यासाठी जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीचा ‘वेलकम टू माय वर्ल्ड’ हा १६ सीडींचा संच आहे, १९९४ चा. बाकीच्यांनी आपली यादी सालवार लावून प्लेलिस्ट करावी, चौदा-पंधरा गाणी पुरेत. आवाज समान ठेवणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ‘बिम्बो’नंतर ‘फोर वॉल्स’ आलं की आवाज वाढवायला धावावं लागतं. नाताळची गाणी यात मिसळू नका. ती १९६३ च्या ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ या स्वतंत्र तबकडीची आहेत, हिट्सच्या संग्रहांत सहसा सापडत नाहीत. ती वेगळी घ्या, डिसेंबर लागायच्या आत.