उन्हाळी कॅम्पसाठी आइसबॉक्स घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि नेमक्या त्याच सुट्टीत मंडळी तंबू घेऊन तोरणमाळ, पाल नाहीतर पाटणादेवीच्या वाटेला लागतात. सकाळी भरलेल्या बर्फाचं दुपारपर्यंत पाणी होतं, दूध नासतं, मटणाला वास येतो आणि सगळा राग डब्यावर निघतो: स्वस्तातला घेतला, म्हणून असं झालं. मला हे पटत नाही. साधा, परवडणारा डबाही दीड-दोन दिवसांची सहल नीट पार पाडतो. फक्त त्याचं काम काय, हे ओळखून तो घ्यायला आणि भरायला हवा. आइसबॉक्स वस्तू थंड करत नाही, थंड ठेवलेल्या वस्तू थंड राखतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

कोमट बाटल्या आत कोंबणं

सगळ्यात जास्त बर्फ याच चुकीत जातो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. एक लिटर पाणी ४० अंशांवरून ५ अंशांवर आणायला ३५ किलोकॅलरी लागतात. म्हणजे किलोभर बर्फात सव्वादोन-अडीच लिटर पाणी गार होतं, आणि बर्फ संपतो. रस्त्यावरच्या दुकानातून लिटरच्या डझनभर बाटल्या उचलून आत टाकल्या, की पाचेक किलो बर्फ त्यांनाच लागला. दूध-मटणाच्या वाट्याला काय उरणार?

म्हणून पिण्याचं पाणी डब्यात नेऊच नका. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे माठ आणि छागल (पाण्याची जाड कापडी पिशवी) इथे फार छान काम करतात. झाडाच्या सावलीला, वारा लागेल अशी छागल टांगली की पिण्याजोगं गार पाणी दिवसभर मिळतं आणि बर्फाचा खडाही खर्च होत नाही. हीच युक्ती डब्यालाही लावा. डबा सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका आणि ते वाळलं की पुन्हा भिजवा. पावसाळ्यात, हवा दमट झाल्यावर, याचा फारसा उपयोग होत नाही.

जे काही डब्यात जाणार आहे ते आदल्या रात्री फ्रीजमध्ये गार झालेलं हवं. मसाला लावलेलं मटण फ्रीझरमध्ये गोठवून घेतलं तर तेच बर्फाचं काम करतं. डबाही पत्र्याच्या माळ्यावरून उतरवून लगेच भरू नका. त्याच्या भिंती तापलेल्या असतात. रात्री त्यात थोडा बर्फ टाकून झाकण लावून ठेवा, सकाळी तो काढून ताजा भरा.

भिंती बघणं, झाकण न बघणं

दुकानात आपण रंग, चाकं आणि हँडल बघतो. स्वस्त डब्यांत पुष्कळदा भिंतीत फोम असतो आणि झाकण मात्र आतून पोकळ असतं. बोटानं वाजवून बघा. पोकळ झाकण डबडब वाजतं, भरलेलं घट्ट आणि बसका आवाज देतं. मग झाकणाच्या कडेत कागदाची पट्टी धरून ते बंद करा आणि पट्टी ओढा. सहज सरकून आली तर तिथून हवा जाणार. असं चारही बाजूंनी करून बघा. घरी आणल्यावर अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून झाकण बंद केलं, तर फट कुठे आहे ते उजेड दाखवतो. तेवढ्या जागी रबरी पट्टी चिकटवली की काम भागतं. पोकळ झाकणावर जाड सतरंजी घडी करून टाकली तरी बराच फरक पडतो.

भिंतीची जाडी मात्र खरी महत्त्वाची. त्याच मापाच्या डब्यात फोम दुप्पट जाड असेल, तर आत शिरणारी उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. जाडी सारखी असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) फोम थर्मोकोलपेक्षा चांगला. तरी पैसे कमी असतील तर थर्मोकोलचा जाड डबा बिनधास्त घ्या. औषधांच्या होलसेलवाल्यांकडे इंजेक्शनं आणि लसी अशा डब्यांतून येतात, ओळखीत विचारलं तर रिकामा डबा मिळून जातो. मासळीवाल्याचा मात्र नको, त्याचा वास जात नाही. थर्मोकोलला बाहेरून गोणपाट शिवून घ्या किंवा रुंद चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे जंगलात त्याचे पांढरे कण सांडत नाहीत. पाल काय, पाटणादेवी काय, दोन्हीकडे अभयारण्य आहे, आणि ते कण वेचून काढणं कुणालाच जमत नाही.

मोठा डबा म्हणजे चांगला डबा, असंही नाही. चौघांच्या एका मुक्कामाला २०-२५ लिटरचा पुरतो. अर्धा रिकामा मोठा डबा उघडला की आतली गार हवा बाहेर पडते आणि तिथे चाळीस अंशांची हवा भरते. जागा उरलीच तर वर्तमानपत्राचे बोळे किंवा टॉवेल भरा.

गाडीत लावायचा कूलर

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचे स्वस्त इलेक्ट्रिक डबे आता सगळीकडे मिळतात. त्यातले बहुतेक बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर १५-२० अंश खाली उतरतात. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ते चालून जातील. आपल्याकडे बाहेर ४४ असेल तर आत २४ ते २९ राहणार, आणि दुधाला, पनीरला, मटणाला तर ५ अंशांच्या आसपास हवं. इंजिन बंद करून चालू ठेवला तर बॅटरीही उतरते. खानदेशात त्यात पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बर्फाची निवड

बारीक फोडलेला बर्फ झटकन गार करतो आणि तितक्याच झटकन संपतो. टिकतो तो मोठा तुकडा. घरच्या घरी सगळ्यात उत्तम म्हणजे पाण्याच्या बाटल्या गोठवणं. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाटली काठोकाठ भरू नका. वितळली की तेच पाणी पिता येतं. डब्यातली निम्मी जागा तरी बर्फाला द्या.

वाटेत शहादा, रावेर, चाळीसगावला लादीचा बर्फ मिळतो. तो कसल्या पाण्याचा आहे ते विचारून घ्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. निळसर लादी दिसली तर ती सरबतात जाता कामा नये. पांढरी असली तरी जाड पिशवीत बांधूनच डब्यात ठेवावी.

बर्फ टिकावा म्हणून त्यावर मीठ टाकणारे पुष्कळ आहेत. मिठानं तापमान शून्याच्या खाली जातं हे खरं, आइस्क्रीमच्या पॉटमध्ये आपण तेच करतो. पण त्यात बर्फ लवकर वितळतो. मुक्कामाच्या डब्यात मीठ नको.

काय न्यायचं नाही

केळी डब्यात ठेवू नका. सुमारे १३ अंशांच्या खाली सालं काळी पडतात. कांदे, बटाटे, टोमॅटो, लसूण-मिरचीचा ठेचा, शेव यांनाही बर्फाची गरज नाही. शेवभाजीचा बेत असेल तर डब्यात ठेवायला जवळजवळ काहीच उरत नाही. कुणाचं इन्सुलिन बरोबर असेल तर ते बर्फाला टेकवू नका. गोठलं की निकामी होतं. वेगळ्या डबीत, कापडात गुंडाळून ठेवा.

मुक्कामी बर्फ लवकर संपत असेल तर

आधी डबा कुठे ठेवलाय ते बघा. उन्हात बंद गाडीच्या आत ६० अंश सहज होतात. सावलीतल्या ४० अंशांच्या मानानं तिथे बर्फ दीडपट वेगानं जातो. आपला काळा खडकही रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो, तेव्हा खाली लाकूड किंवा घोंगडी टाका. मुलं सरबतासाठी दर दहा मिनिटांनी झाकण उघडत असतील, तर त्यांच्यासाठी छोटा थर्मोकोलचा डबा वेगळा ठेवा.

वितळलेलं पाणी लगेच ओतून टाकू नका. ते शून्याच्या आसपासच असतं आणि उरलेल्या बर्फाला सांभाळतं. मटण-पनीर तेवढं घट्ट झाकणाच्या डब्यात, पाण्याच्या वर राहू द्या. नवा बर्फ भरताना जुनं पाणी काढा.

बाहेरून एकाच जागी भिंत गार लागत असेल किंवा तिथे घाम येत असेल, तर त्या ठिकाणी आतला फोम बसलेला नाही किंवा भिजला आहे. वॉरंटीत असेल तर डबा बदलून घ्या, नसेल तर बाहेरून थर्मोकोलचा तुकडा चिकटवा. घरी परतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि झाकण किंचित उघडं ठेवूनच माळ्यावर टाका.