ग्राइंडिंग-वेल्डिंगवाल्यांनो, सीआरपीचं रक्त द्यायच्या आधी

लोटे, महाड, मिरजोळे, कुडाळ, कुठल्याही एमआयडीसीत फॅब्रिकेशनला असाल आणि यंदाच्या चेकअपमध्ये एचएस-सीआरपी (सीआरपी बारीक मोजणारी रक्ततपासणी) लिहून आलं असेल तर नुसता हात पुढे करून मोकळे होऊ नका. सीआरपी हे रक्तातलं एक प्रथिन, लिव्हरमध्ये बनतं, अंगात कुठेही दाह असला की वाढतं, मग तो लोखंडाच्या धुळीने झालाय की किडलेल्या दाढेने हे त्या आकड्यावरून कळत नाही, ते डॉक्टरला आपणच सांगायचं.

म्हणून आधी तारीख नीट बघा. सर्दी-ताप, पिकलेली जखम असलं काही चालू असेल तर बरं होऊन दोनेक आठवडे जाऊ द्या. लावणीला चिखलात उतरून ताप आला असेल तर चेकअप राहू दे, आधी लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) डॉक्टर गाठा. शिमग्यात पालखी नाचवली की दुसऱ्या दिवशी पण रक्त नको, अंगमेहनतीनेही आकडा तात्पुरता चढतो, आणि पालखी काय हलकी असते होय!

सीआरपी धूळ खाल्ल्यावर लगेच चढत नाही, सहा-आठ तासांनी वाढायला लागतं, साधारण दोन दिवसांनी टोकाला जातं, कारण थांबलं की 19 तासांत निम्मं होतं. म्हणजे सुट्टीनंतरचं रक्त आणि भर आठवड्यातलं रक्त यांची तुलनाच नको, दरवर्षी वार आणि लॅब शक्यतो तीच ठेवा.

खिशात एक छोटी वही असू द्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपवर वेल्डिंग मारलं आणि चार-दहा तासांनी हुडहुडी भरून ताप, तोंडाला पत्र्यासारखी चव, अंग ठणकतंय आणि एक-दोन दिवसात माणूस ठणठणीत, हे झालं असेल तर तारखेसकट लिहा. हा जस्ताच्या धुराचा ताप, सुट्टीनंतर सोमवारी जास्त येतो कारण मधे अंगाची सवय मोडते, आणि आपण मलेरिया म्हणून गोळ्या खात बसतो. गोळ्यांवरून आठवलं, पेनकिलर, कोलेस्टेरॉलची गोळी, जे चालू असेल त्याच्या स्ट्रिप्स सोबत न्या. विडी-सिगरेट लपवू नका, त्यानेही सीआरपी वाढतं.

उपाशी राहायची सीआरपीला गरज नाही, शुगर-लिपिड असेल तर लॅब सांगेल तसं. मासेपण चालतात, पण लघवीतलं आर्सेनिक तपासणार असतील तर तीन-चार दिवस बांगडा, कोळंबी, तिसऱ्या बंद (कठीण आहे, माहितीये). रक्तातलं शिसं बघणार असतील तर अंघोळ करून धुतलेल्या कपड्यात जा, कातडीवरची धूळ सॅम्पलमध्ये गेली तर आकडा खोटा येतो.

रिपोर्टची कॉपी मागून घ्या. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली कमी, 3 च्या वर जास्त, पण ही विभागणी हार्टच्या रिस्कसाठी केलेली आहे, आणि 10 च्या वर आलं तर बहुतेक इन्फेक्शन वगैरे असतं, दोन आठवड्यांनी परत करा. सीआरपी नॉर्मल म्हणजे फुफ्फुस ठीक असं नाही, फुंकायची टेस्ट (स्पायरोमेट्री) वेगळी मागा. आणि युनिट बघा हां, काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथला 0.3 म्हणजे इथला 3.